गरम जॅकेटच्या खिशातली बॅटरी : केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला खुलं पत्र

मा. मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण,
नवी दिल्ली

विषय : बॅटरीवर गरम होणाऱ्या कपड्यांच्या सदोष बॅटऱ्या परत मागवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

पुण्यात माझं ट्रेकिंगचं सामान भाड्याने देण्याचं दुकान आहे. तंबू, स्लीपिंग बॅगा, गेटर, मायक्रोस्पाइक्स, हेडलॅम्प. डिसेंबर लागला की केदारकंठाला जाणारी कॉलेजची पोरं येतात, मग स्पितीवाले, आणि जानेवारीत झंस्करच्या गोठलेल्या पात्रावरून चालायला जाणारे चादरवाले. ही शेवटची मंडळी सामान घेताना सगळ्यात जास्त प्रश्न विचारतात, कारण तिथली रात्र उणे २५ अंशांची असू शकते. चार वर्षांपूर्वी त्यांच्याच आग्रहावरून मी बॅटरीवर गरम होणारी जॅकेटं आणून ठेवली. एकूण १४. ऑनलाइन घेतली, बिलासकट.

गेल्या नोव्हेंबरात मिनेसोटात राहणाऱ्या माझ्या भाचीने व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर काळी बॅटरी, आणि तिच्यावर मार्करने ठळक लिहिलेलं ‘रिकॉल्ड’, म्हणजे कंपनीने परत मागवलेली. तिच्या गरम जॅकेटच्या कंपनीचा ई-मेल आला होता : वापर लगेच थांबवा, बॅटरी काढून ठेवा, तिच्यावर असं लिहून फोटो पाठवा, पैसे परत करतो. फोटोखाली तिने सहज विचारलं होतं, ‘‘मामा, तुझ्या दुकानात पण अशीच आहेत ना रे?’’

चष्मा लावला, ड्रॉवरमधून एक पॅक काढला आणि फोनशेजारी धरला. तीच गोलसर कोपऱ्यांची काळी डबी, तेच तीन दिवे, पिनेभोवती तीच नारिंगी कडी. नाव तेवढं वेगळं. तिच्या पॅकवर मॉडेल आणि बॅच क्रमांक होता. माझ्या पॅकवर ७.४ व्होल्ट, ५००० एमएएच, आणि फुली मारलेल्या कचरापेटीचं चित्र. बॅच नाही, आयात करणाऱ्याचं नाव नाही, भारतीय मानक ब्यूरोचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही नाही. दोन्ही पॅक एकाच कारखान्यातले आहेत का? असतीलही, नसतीलही. एकाच साच्यातली डबी दहाजण विकत घेतात आणि आत आपापले सेल भरतात, हे या धंद्यात नवीन नाही. पण हा प्रश्न मी भारतात नेमका कुणाला विचारायचा? त्याचं उत्तर सापडलं नाही, म्हणून तुम्हाला लिहितो आहे.

आधी या वस्तूबद्दल थोडं सांगतो, कारण तुमच्या टेबलावर ती क्वचितच येत असेल. जॅकेटच्या पाठीत, छातीपाशी आणि कॉलरमध्ये कार्बन फायबरच्या पातळ पट्ट्या शिवलेल्या असतात. त्यांची वायर डाव्या आतल्या खिशात येते आणि तिथे पॅक बसतो. बऱ्या जॅकेटला दोन लिथियम सेल एकापुढे एक जोडलेला ७.४ व्होल्टचा पॅक असतो, स्वस्तातल्याला सरळ यूएसबी पॉवर बँक. बटण दाबलं की लाल, पांढरा, निळा असे दिवे बदलतात, लाल म्हणजे सगळ्यात गरम. गिऱ्हाइकं लालच्या खाली येत नाहीत, हा माझा अनुभव.

मोबाइल खिशात तापला तर माणसाला लगेच कळतं, कारण मोबाइलने तापायचं नसतं. जॅकेटने मात्र तापायचंच असतं. त्यामुळे बिघाडाची पहिली खूण, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त ऊब, ही अंगात घातलेल्या माणसाला सुखाची वाटते. पॅकभोवती उष्णता कोंडून ठेवणारा कापूस, वर सॅकचा पट्टा, त्यावर वाऱ्यासाठी आणखी एक जाकीट, हातात जाड मोजे. सेलच्या आतली दोन टोकं वेगळी ठेवणारा केसापेक्षा पातळ पडदा एकदा फाटला की आतल्या आत शॉर्ट होतो, त्या उष्णतेने आणखी उष्णता तयार होते आणि ती थांबवायला बाहेर कुठलंही बटण नसतं. अशा वेळी मोजे काढा, पट्टा सोडा, दोन चेन उघडा. ज्याने हे एकदा करून पाहिलंय त्याला किती वेळ लागतो ते माहीत आहे. आम्ही दुकानात आग न लावता, नुसतं घड्याळ लावून करून पाहिलं. कॉलेजच्या चपळ पोराला २२ सेकंद लागले.

थंडीचा आणखी एक घोळ आहे, तो माझ्या गिऱ्हाइकांना मी पाठ करून घेतो. शून्याच्या खाली गेलेली लिथियम बॅटरी तशीच्या तशी चार्जिंगला लावायची नाही. एरवी चार्ज होताना लिथियम ग्रॅफाइटच्या थरांत शिरतं. गारठ्यात ते आत शिरायला उशीर लावतं आणि बाहेरच धातू होऊन साचतं. ते पुरतं परत जात नाही, आणि त्याचे काटे पुढेमागे तो पडदा टोचू शकतात. थंड प्रदेशासाठीच विकलेल्या वस्तूच्या खोक्यात ही एक ओळ असायला नको का? माझ्या १४ खोक्यांपैकी एकाही खोक्यात नव्हती. जॅकेट कसं धुवायचं याची मात्र चित्रं होती, सहा.

मागच्या जानेवारीत स्पितीहून परत आलेल्या जॅकेटच्या खिशाची चेन लागेना. आत पाहिलं तर पॅक पावासारखा फुगला होता, डबीचा सांधा एका बाजूने उकललेला. नेणाऱ्याने खरं ते सांगितलं : काझात होमस्टेवर बाहेरून आला, तंदूरपाशी बसला आणि गार पॅक तसाच चार्जिंगला लावला. चूक त्याची होती, की पॅकमध्ये थंडी ओळखून चार्जिंग तोडणारं सर्किटच नव्हतं? हे तपासणाऱ्याने तपासायला हवं. ज्या पोर्टलवरून घेतलं तिथे चॅटवर बसलेल्याने ते दोन मिनिटांत ठरवलं : ‘‘सर, ये यूजर डॅमेज है, और वॉरंटी भी छह महीने की थी.’’ विक्रेत्याचं पान तोवर गायब झालेलं. बिलावरच्या नंबरवर फोन लावला तर तो अस्तित्वात नाही म्हणे. फुगलेला पॅक मी लोखंडी बादलीत वाळू भरून गच्चीवर ठेवला. बायको अजून त्या कोपऱ्यात कपडे वाळत घालत नाही.

दोन मिनिटांत ठरवण्याबद्दल एक आठवण देतो. २०१६ मध्ये सॅमसंगचा नोट ७ पेट घेऊ लागला. कंपनीने आधी २५ लाख फोन बदलून द्यायचं जाहीर केलं, बदलून दिलेलेही पेटले, आणि ऑक्टोबरात फोनच बंद केला. जानेवारी २०१७ मध्ये कारणं सांगितली, तेव्हा ७०० संशोधक, २ लाख फोन आणि ३० हजार बॅटऱ्या तपासणीला लावल्या होत्या. एका पुरवठादाराच्या बॅटरीत कोपऱ्यातली पट्टी दबलेली निघाली, दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगचे कंगोरे. वापरणाऱ्याने काहीही केलेलं नव्हतं.

आणि वॉरंटीचं काय घेऊन बसलोय? २०२५ च्या जूनमध्ये अँकर कंपनीने अमेरिकेत एका मॉडेलच्या ११ लाखांवर पॉवर बँका परत मागवल्या. त्या २०१६ ते २०२२ या काळात विकलेल्या होत्या. म्हणजे सगळ्यात जुनी नऊ वर्षांची. त्याच महिन्यात चीनमध्ये रोमॉसने ४ लाख ९० हजारांवर पॉवर बँका परत मागवल्या. वॉरंटी हा विकणाऱ्याने घेणाऱ्याला दिलेला शब्द. रिकॉलचा त्याच्याशी संबंध नाही, वस्तू धोक्याची आहे एवढं पुरे. हा फरक आपल्याकडे चॅटवाल्यांना माहीत नाही, दुकानदारांना माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर भाचीचा फोटो येईपर्यंत मलाही नीट माहीत नव्हता.

आपल्या लोकांना रिकॉल जमत नाही असंही नाही. ऑगस्ट २००७ आठवतो? नोकियाने बीएल-५सी बॅटरीबद्दल सूचना काढली होती. जपानच्या मात्सुशिताने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ दरम्यान बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या, ज्या चार्ज होताना जास्त तापू शकत होत्या. नोकिया ११०० पासून कितीतरी फोनांत तीच बॅटरी. आमच्याकडे तेव्हा घरोघरी लोक फोनचं मागचं झाकण उघडून, बॅटरी उलटी करून २६ आकडी-अक्षरी क्रमांक वाचत बसले होते. माझे सासरे भिंग घेऊन वाचायचे आणि मेहुणा वहीत उतरवून घ्यायचा. गोंधळ झाला, अफवाही उठल्या, पण क्रमांक छापलेला होता आणि तो पडताळायला जागा होती. त्या दोन गोष्टी होत्या म्हणून सासऱ्यांची बॅटरी बदलून आली.

पुण्याने दुसराही प्रकार पाहिला. २६ मार्च २०२२ ला लोहगावात रस्त्याकडेला उभी इलेक्ट्रिक स्कूटर पेटली, तो व्हिडिओ देशभर फिरला. पुढच्याच महिन्यात ओलाने त्या बॅचच्या १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या. ओकिनावा या दुसऱ्या स्कूटर कंपनीनेही ३,२१५ बोलावल्या. वाहनांना मोटार वाहन कायद्यात रिकॉलची तरतूद आहे आणि गाडी कुणाच्या नावावर आहे ते सरकारदरबारी लिहिलेलं असतं. जॅकेटची अशी नोंद नाही, असं कुणी म्हणेल. पण ती आहे. माझं नाव, मोबाइल, मजला, ‘गणपती मंदिराच्या मागच्या गल्लीत’ ही खूण, एवढं सगळं ज्या पोर्टलकडे आहे, त्याला माझा पत्ता आरटीओपेक्षा जास्त नेमका माहीत आहे. दिवाळीचा सेल लागला की तेच पोर्टल मला दिवसातून चारदा हाक मारतं.

अधिकाराचं म्हणाल तर तो तुमच्या हातात आहेच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २० : तपासाअंती पुरेसा पुरावा असेल तर धोकादायक, घातक किंवा असुरक्षित माल परत मागवायचा आणि किंमत परत द्यायचा आदेश तुम्ही काढू शकता. कलम १८ खाली स्वतःहून चौकशी करू शकता, लोकांना सावध करणारी सूचनाही काढू शकता. ती तुम्ही काढलीही आहे. डिसेंबर २०२१ मध्ये हेल्मेट, प्रेशर कुकर आणि गॅस सिलिंडरबद्दल, आणि पाठोपाठ पाण्याचे विजेचे हीटर वगैरे घरगुती वस्तूंबद्दल. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये तर कुकरच्या बाबतीत तुम्ही थेट आदेशच दिलात. मानकात न बसणारे २,२६५ कुकर अ‍ॅमेझॉनवरून विकले गेले होते. घेणाऱ्या प्रत्येकाला कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या, ४५ दिवसांत अहवाल द्या, वर एक लाख दंड. फ्लिपकार्टवरच्या ५९८ कुकरांचंही तसंच. तो आदेश मी दोनदा वाचला. त्यात ‘विक्रेता आम्ही नाही, आम्ही फक्त मध्यस्थ’ या पालुपदाला तुम्ही भीक घातलेली नाही. कुकर ओट्यावर असतो, ही बॅटरी छातीवर असते, आणि माझं मागणं त्या आदेशापेक्षा तसूभरही मोठं नाही.

(मी कायद्याने ‘ग्राहक’ आहे का, यावर माझ्या वकील मित्राने अर्धा तास आणि दोन चहा घेतले. माल धंद्यासाठी घेतला की ग्राहकपण जातं. पण स्वतः राबून पोट भरण्यापुरता घेतला तर राहतं. १४ जॅकेटं कोणत्या बाजूला पडतात यावर तो अजून विचार करतोय. तोवर मला बाजूला ठेवा, माझ्याकडून जॅकेट नेणाऱ्या आणि घरी स्वतःचं मागवणाऱ्या पोरांचा विचार करा.)

लिथियम सेल, बॅटऱ्या आणि पॉवर बँका मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणीत येतात. मोबाइलच्या बॅटरीवर ‘आर’ क्रमांक आपण पाहतो. पण बॅटरी जॅकेटच्या खिशातून देशात आली की ती कपड्यांच्या रांगेत उभी राहते. पोर्टलवर ती ‘विंटर वेअर’मध्ये दिसते, लोकरी मफलरच्या शेजारी. साइज, रंग, कापड, सगळं विचारलेलं असतं, सेलचा नोंदणी क्रमांक विचारलेला नसतो. त्या एका रकान्याची सक्ती करता येईल. क्रमांक भरल्याशिवाय गरम होणारा कपडा, मोजे, हातमोजे, कंबरपट्टा, काहीही यादीत चढू नये. आणि तोच क्रमांक बॅचसह पॅकवर असावा, स्टिकरवर नव्हे तर डबीवर कोरलेला. स्टिकर एका हिवाळ्यात घामाने जातं, माझ्याकडची पाच पॅक आता कोरी काळी आहेत.

परदेशात एखादी बॅटरी परत मागवली गेली की तीच किंवा तिची जुळी बहीण इथे विकली जाते का, हे कुणीतरी बसून पाहायला हवं. अमेरिकेत कंपनीला धोक्याची माहिती हाती आल्यापासून २४ तासांत तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाला कळवावं लागतं. आयोगाची यादी सगळ्या जगाला उघडी आहे आणि गरम जॅकेटच्या बॅटऱ्या त्या यादीत याआधीही येऊन गेल्यात. मी दुकानदार माणूस, रात्री शटर ओढल्यावर मोबाइलवर ती यादी चाळतो. तुमच्याकडे हे काम पगारावर करणारा माणूस असू शकतो. इथे विकणाऱ्या पोर्टलांना आणि आयातदारांना एक पत्र पुरे : हा माल तुमच्याकडे कोणत्या नावाने आला, किती आला, कुणाला गेला.

मग सूचना काढाल तेव्हा तिच्या भाषेबद्दल एक विनंती. युरोपात १३ डिसेंबर २०२४ पासून नवा उत्पादन सुरक्षा नियम लागू झाला, त्यातलं एक कलम मला फार आवडलं. रिकॉलच्या नोटिशीत ‘ऐच्छिक’, ‘खबरदारी म्हणून’, ‘क्वचित प्रसंगी’ असले धोका पातळ करणारे शब्द वापरायचेच नाहीत. ‘अद्याप अपघाताची नोंद नाही’ असंही लिहायचं नाही. आपल्याकडे तर नोटीस म्हणजे या शब्दांचीच भेळ असते, आणि तीही इंग्रजीत. माझ्याकडे जॅकेट नेणारा लातूरचा पोरगा असतो, सोलापूरचा असतो, त्याच्या मोबाइलवर त्याच्या भाषेत तीन ओळी पुरतात : ही बॅटरी वापरू नका. चार्जिंगला लावू नका. या नंबरवर कळवा. तो नंबर १९१५, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा असेल तर उत्तमच, फोन घेणाऱ्याला बॅचची यादी समोर दिसली पाहिजे. कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांकडेही अशी तक्रार देता येते, हे मला याच उचापतीत कळलं. ते ग्राहकालाही कळायला हवं आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खिडकीवरही.

सगळ्यात अवघड भाग पुढेच आहे. बॅटरी परत मागवली, पण परत द्यायची कशी? सदोष म्हणून जाहीर झालेली लिथियम बॅटरी विमानाने नेता येत नाही, तसे आंतरराष्ट्रीय नियमच आहेत. सॅमसंगने नोट ७ च्या वेळी लोकांना अस्तर लावलेली, एकात एक बसणारी खोकी आणि सोबत हातमोजे पाठवले होते. आपल्याकडे ‘कुरिअर करा’ म्हणून सांगतील आणि तो पॅक कुणाच्यातरी मोटरसायकलवरच्या पिशवीत, दिवाळीच्या पार्सलांखाली दबून जाईल. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकला तर कचरागाडीच्या दाबयंत्रात चेपतो, आणि चेपलेली बॅटरी काय करते ते गाडीवरच्या माणसाला भोगावं लागतं. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ मध्ये आलेत, उत्पादकाने आणि आयातदाराने बॅटऱ्या गोळा करायच्या असं त्यात आहे. रिकॉलच्या आदेशातच लिहा की पॅक कोणत्या शहरात, कोणत्या पत्त्यावर, कशात ठेवून घेतले जातील. पुण्यात एक जागा दिलीत तर माझी बादली मी स्वतः रिक्षाने घेऊन येतो. पायाशी ठेवणार नाही, रिक्षावाल्याला आधी सांगेन.

दुकानातली परिस्थिती अशी आहे. उरलेले १३ पॅक मी जॅकेटांतून काढून घेतलेत. प्रत्येकावर पांढऱ्या पेनने १ ते १३ आकडे घातलेत, कारण दुसरा क्रमांकच नाही. ते पत्र्याच्या डब्यांत, एकमेकांपासून लांब, दाराजवळच्या शहाबादी फरशीवर आहेत. रोज सकाळी शटर उघडल्यावर आधी तिकडे बघतो. फोटो, बिलाची प्रत आणि चॅटचे स्क्रीनशॉट या पत्राच्या प्रतीसोबत आपल्या कार्यालयाला टपालाने पाठवले आहेत. एखादा पॅक तपासायला हवा असेल तर सांगा, कोणत्या मार्गाने पाठवायचा तेही सांगा.

काल चादरला जाणारे चारजण आले होते. गरम जॅकेट मागितलं. बॅटरीशिवाय देतो म्हटलं, आत एक जाड थर्मल घाला. भाडं निम्मं लावलं. तिघांनी नेलं. चौथा म्हणाला, काका, राहू द्या, मी ऑनलाइन मागवतो, दोन दिवसांत येतं.

आपला,
सामान भाड्याने देणारा एक दुकानदार,
पुणे